परवाना नऊ जणींचा

मंगळवार, ४ ऑगस्ट

डोलोरेसचं मनगट मोडलं. आणि होड्यांच्या सहलीच्या परवान्यावर तिच्यानंतर नाव कुणाचं? माझं! "नुसतं नावापुरतं गं, लॉर्ना," म्हणाली होती हिवाळ्यात. आता तीच फोनवर म्हणते, "प्रमुख तू. पहिल्या दोघींपैकी एकही हजर नसेल तर परवाना रद्द."

बस-गॅरेजमधल्या सगळ्या खूश. डोलोरेसच्या जागी बर्नाडीन येतेय — निवृत्त होऊनही तोंड काही निवृत्त झालेलं नाही. म्हणाली, "लॉर्ना प्रमुख? म्हणजे अस्वलालासुद्धा रांगेत उभं राहावं लागणार!"

हसा. इतकी वर्षं स्कूलबस चालवतेय, एक दंड नाही. हे आपोआप नाही झालं.

गुरुवार, ६ ऑगस्ट. एली गाव.

परवाना हातात आला. वनखात्याच्या रेंजर बाईंनी आधी चित्रफीत दाखवली, मग शाळेसारखे प्रश्न! बाकीच्या खिदळत होत्या, मी लिहून घेत होते. माणसं नऊ, होड्या चार — त्यापुढे नाही. तळावर नाही, पाण्यावर नाही, पायवाटेवरही नाही. दुसरा गट भेटला तरी एका जागी नऊच्या वर जमायचं नाही. तलावांच्या रानात शिरायचं ते ठरलेल्या दिवशी, होड्यांच्या ठरलेल्या घाटावरून. मुक्काम फक्त लोखंडी चूल रोवलेल्या जागी.

"कुठल्या तळावर, ते नाही लिहायचं?" मी विचारलं.

"नाही. एकदा आत गेलात की मोकळ्या. जो तळ रिकामा तो तुमचा."

"म्हणजे आम्ही कुठे आहोत ते कुणालाच माहीत नसणार?"

"त्यासाठीच तर येतात ना लोक!" बाई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. मी तेही लिहून घेतलं.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

आत शिरलो. फोन मेला. पुढे नुसतं पाणी आणि काळी झाडं. परवाना प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी गळ्यात. बर्नाडीन विचारते, "आंघोळीलाही घेऊन जाणार का तो?"

हो. जाणार.

शनिवार, ८ ऑगस्ट

खूप रात्र झालीय. पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

दुपारी तळावर रानतांदळाचं सूप शिजत होतं. मागच्या झाडीत काटक्या मोडल्या. अस्वल! — मी भांडं बडवायला घेतलं. बाहेर आली एक मुलगी. विशीतली. कमरेपर्यंत भिजलेली, पाय ओरबाडलेले, एका पायात बूट नाही. काठाकाठाने, चिखल तुडवत आलेली.

"मला इथे राहू द्या," म्हणाली. "प्लीज. त्याला सांगू नका."

मारेन तिचं नाव. तो म्हणजे ट्रेंट, तिचा मित्र. याच तलावावर पलीकडच्या टोकाला त्यांचा तळ. काय झालं ते तिने सांगितलं नाही. सिग्नेने तिला कोरडा स्वेटर घालायला दिला — ही सिग्ने आमच्यातली सगळ्यात तगडी, होडी एकटी डोक्यावर उचलते. तिने पोरीचे दंड पाहिले आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. निळे-जांभळे झालेले.

तासाभराने तो आला. होडीतूनच बोलला. शांतपणे! ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"मारेन आलीय ना इकडे? जरा डोक्याने कमी आहे ती."

बर्नाडीन तवा हातात घेऊन पाण्यापर्यंत गेली. "इथे आम्ही सूप पितोय. तू निघ."

तो एकेकीकडे बोट दाखवत मोजत गेला. मारेन तंबूत होती. मग हसला. "तुम्ही नऊ जणी. ती दहावी. तिचं नाव माझ्या परवान्यावर आहे, तो माझ्या खिशात आहे. रेंजर आला तर मुकाट्याने मला देईल तिला, आणि दंड तुम्हाला. प्रमुख कोण तुमच्यात?"

माझा हात गळ्यातल्या पिशवीकडे गेला. त्याने बरोबर पाहिलं.

"मॅडम, तुम्ही शहाण्या दिसता. सकाळी येतो तिला न्यायला."

तो गेल्यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मी म्हटलं, "पण त्याचं खरं आहे गं. नियम तसाच आहे. नऊ म्हणजे नऊ."

"लॉर्ना, गप्प!" — बर्नाडीन.

तंबूचं कापड हललं. तिने ऐकलं होतं. मी लगेच आत गेले, म्हटलं, तू आमच्याबरोबरच येणार, उद्या घाटावर पोचू. नकाशा दाखवला — खालचा ओढा, होडी डोक्यावर घेऊन जायची पायवाट, मोठा तलाव, मग तशीच दुसरी पायवाट. ती नीट बघत होती. "तुमचं पूर्ण नाव काय?" एवढंच विचारलं तिने.

सिग्ने कुऱ्हाड उशाला घेऊन झोपतेय.

रविवार, ९ ऑगस्ट. सकाळ.

मारेन नाही. स्वेटर नाही.

माझ्या बोलण्यामुळे गेली. माझ्यामुळे परत त्याच्याकडे गेली! आता आम्ही नऊ. अगदी नियमात. लाज वाटते मला.

 सिग्ने म्हणते, दोघी-तिघी जाऊन त्याच्या तळावर बघून येऊ. निघतोय.

रविवार. थोड्या वेळाने.

निघता आलं नाही. आधी तोच आला. रात्रभर झोपला नसावा. होडीतून उतरला, आमचे तंबू उचकटून पाहिले.

"कुठाय ती?"

म्हणजे त्याच्याकडे नाही!  त्याच वेळी काठावर नजर गेली — आमच्या चारपैकी तीनच होड्या. सगळ्यात छोटी गायब.

तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. श्वास लागत होता तोंडावर. "मॅडम. तुम्ही सांगा."

"उत्तरेला गेली," मी म्हटलं. "कॅनडाकडे. पहाटेच." बस चालवताना मागून पोरं विचारतात "किती वेळ?" तेव्हा जसं सांगते, तसंच सांगितलं. आवाज कसा स्थिर राहिला, देव जाणे.

तो उत्तरेला गेला. आम्ही दक्षिणेला. एकेका होडीत तिघी, वर सगळं सामान. मोठ्या तलावावर वारा — लाटा आत येत होत्या, बर्नाडीन कॉफीच्या भांड्याने पाणी उपसत होती. मी एकसारखी पाण्यात बघत होते. उलटी होडी दिसेल. स्वेटर दिसेल. एकटी पोर, या वाऱ्यात! मागेही बघत होते. तो फसवलेला माणूस कधी वळेल सांगता येत नाही.

दुसऱ्या पायवाटेच्या तोंडाशी टेकलोय. कुणी काहीच खात नाही.

रविवार. संध्याकाळ. घाट.

छोटी होडी घाटावर पालथी घातलेली. शेजारी रेंजरची गाडी. आत सिग्नेचा स्वेटर, त्यात मारेन, झोपलेली.

रेंजर बाई त्याच, एलीच्या. "ही म्हणाली, गटापासून चुकले. प्रमुख लॉर्ना हॅल्व्हर्सन, परवाना त्यांच्याकडे." मग आमच्याकडे बघत त्यांनी बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं. "तुम्ही नेमक्या किती जणी?"

"दहा," मी म्हटलं.