हसायचं तर स्टुलावर

मंगळवार, संध्याकाळ

इतके महिने लपवलं, आज टॉवेलांच्या ढिगात उघडं पडलं.

लग्नातल्या पाहुण्यांच्या टॉवेलांवर ‘सप्रेम भेट’ विणायचं होतं. डिझाइनमध्ये ‘भे’चा ‘पे’ झाला. माझ्या तपासणीच्या टेबलावर आलं ‘सप्रेम पेट’. मी शांतपणे लाल खूण केली. विणकर मास्तर टॉवेल निरखून म्हणाले, “मॅडम, सासऱ्याला द्यायला लई भारी हाय की.”

मी हसले आणि ढिगातच कोसळले. हसले की माझे गुडघे, मान, जबडा, सगळं सैल पडतं. शुद्ध जात नाही. “कांदा आणा, कांदा!” हे ऐकू येत होतं, नको म्हणता येत नव्हतं. म्हणून तर मी कामावर हसत नाही. लोक खडूस म्हणायचे, ते सोयीचं होतं.

उठल्यावर सांगून टाकलं. नार्कोलेप्सी, मेंदूचा दुर्मीळ आजार, औषध चालू आहे. मॅनेजरसाहेब म्हणाले, “मग तुम्हाला कायम कसं करायचं? मशीनवर पडलात तर?” प्रश्न चुकीचा नव्हता, तेच टोचलं. माझं टेबल मागांपासून लांब आहे, बसून काम करीन, म्हटलं.

मास्तरांनी लगेच स्टूल ओढलं. “साहेब, त्या हसल्यावर पडत्यात. तुमी जवळ असल्यावर काय बी धोका न्हाय.”

हसू फुटलं, पण मी स्टूल वेळेत गाठलं. मान तेवढी टेबलावर टेकली. वरून ऐकू आलं ते साहेबांचंच हसू. मग म्हणाले, “हे स्टूल इथंच राहू द्या.”

म्हणजे स्टूल कायम झालं. माझं अजून कळायचंय.