घरचं नाव टाका

३ तारीख
पोचलो एकदाचा परदेशात! गोदाम एवढं टोलेजंग की आमची अख्खी गल्ली आत मावेल आणि वर क्रिकेटला जागा उरेल. खोलीत स्वतंत्र पलंग, खिडकी, पंखा. जोडीला एक वेल्डर, काकाच्या वयाचा. माणूस बरा वाटला, पण सदा मिठाची गुळणी धरलेला.

दुपारी ऑफिसात टायवाल्या साहेबाने माझा पासपोर्ट स्कॅन केला. खरा कपाटात गेला. फाइलला पासवर्ड तुम्हीच लावा, म्हणाला. फाइल उघडली तरच कपाट उघडतं. इथली पद्धत अशी की घरचे लाडाने जी हाक मारतात ते नाव टाकायचं, म्हणजे परक्याला कळत नाही. साहेब तोंड फिरवून उभा राहिला, मी टाकलं. सातवी नापासाला कॉम्प्युटरवर बसवलं, छाती फुगली!

९ तारीख
आईचा व्हिडिओ कॉल. मला हाक मारते तेव्हा नुसते ओठ हलतात. बाकी सगळं स्वच्छ ऐकू येतं. नेटला मनसोक्त शिव्या घातल्या. वेल्डर म्हणाला, नेट बरं आहे रे बाबा. आणि कूस बदलून झोपला.

१४ तारीख
ताईचा फोन. आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, असशील तसा ये. ऑफिसात गेलो, खुर्चीत बसलो, आणि नाव आठवेना. ज्या नावाने जन्मभर मार खाल्ला ते नाव! ताईला विचारलं. तिने सांगितलं, परत सांगितलं, शेवटी किंचाळली. नुसते ओठ. साहेब नखं कापत म्हणाला, स्वतःचं नाव तुम्ही विसरलात, त्यात कंपनीचा काय दोष? कानाखाली जाळच काढणार होतो. चौकीदाराने आवळून धरलं.

१५
वेल्डरची गचांडी धरली. तुला ठाऊक होतं, मग तोंड का शिवलं होतंस? रडला. म्हणाला, अंदाजाने काही टाकू नकोस, चुकलेला शब्दही डोक्यातून जातो. त्याने बायकोचं नाव टाकून बघितलं होतं. आता एक बाई फोन करते, ती कोण ते त्याला कळत नाही.
थापा! भेकड कुठला.

१६
जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात घुसलो. बापाचं नाव. चूक. गावाचं. चूक. डोकं फिरलं, सुचेल ते बडवत गेलो —
मागच्या पानावर ‘ताई’ लिहिलंय. अक्षर माझंच. ही कोण?

१७
एकच शब्द उरलाय. साहेब दारात उभा, सावकाश होऊ द्या म्हणतो. सावकाश गेलं खड्ड्यात! उद्या तिकडे तिची छाती उघडणार आणि मी इथे —
उघडलं तर तिच्यापाशी. नाही उघडलं तर —
टाकला.

कपाट बंदच.
फोन वाजतोय. कुणी म्हातारी. दवाखान्यातला पलंग. उद्या मला आत नेतील म्हणते, एकदा तोंड दाखव म्हणते. नंबर चुकलाय सांगितलं तरी ठेवत नाही. माझ्यावर कशाला रडता, बाई? मी तुमचा कोण —