न्हाणीजवळचा आंबा

दादा,

न्हाणीची मातीची भिंत सकाळी मायच्या अंगावर पडली. मी तिले बैलबंडीत घालून मंगरूळच्या दवाखान्यात घेऊन चालली.

तुही नाळ पुरली तिथंच आंबा लावाचा, म्हणून बाबानं भिंतीपासून दोन हातही सोडले नाहीत. मुळ्या भिंतीत शिरल्या तवाच म्या तोड म्हटलं होतं. "माह्या नाळेचं झाड हाय, हात लावू नको," असं तूच म्हटलं. आता नवं झाड लावशील तं पंधरा हात दूर लाव.

भाकर शिंक्यावर हाय, खाऊन मंग ये.

बंडीत निजवताना मायनं डोये उघडले अन् पयलं इचारलं, "आंब्याले तं काही झालं नाही ना?"

म्या सांगितलं, एक कैरीही पडली नाही.

सोजर