हजार म्हशींच्या सिनेमाचा खरा निकाल

गडमुडशिंगी

चि. क्रांतीस,

गुंडूकाकाचे पोटभर आशीर्वाद. इकडं काकूचा गुडघा सोडून सगळं ठीक आहे, आणि तो गुडघाही पाहुणे आले की ठीक असतो. तुझी तब्येत कशी आहे? तिकडं जेवण अंगी लागतं का? चटणी संपली असेल तर कळव, डबा भरून ठेवला आहे.

फोन सोडून पत्र लिहायचं कारण असं, की तुझा फोन आला की तुझा आबा, म्हणजे आमचे थोरले बंधू केरबादादा, नेमके माझ्याशेजारी येऊन बसतात आणि दावं वळत असल्याचं सोंग करतात. चांगली इंजिनिअरची नोकरी सोडून तू हैदराबादला सिनेमासाठी कॉम्प्युटरवर जनावरं करायला गेलीस, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून दादा तुझ्याशी बोलत नाहीत, पण तुझं ऐकायचं मात्र काही सोडत नाहीत. त्यांच्यादेखत तुझ्या प्रश्नाला उत्तर कसं देणार? तू विचारलंस, "आबाला सिनेमा आवडला का? खरं सांगा." तर खरंच सांगतो. जरा पाल्हाळ लागेल, पण तुला माझी सवय आहे.

दादांना थिएटरात नेणं म्हणजे रेड्याला जिना चढवणं. त्यात तुमच्या सिनेमाचा गाजावाजा असा, की हायवेपासून रंकाळ्यापर्यंत त्या हिरोचं तोंड चुकवून जाता येत नव्हतं. दूध घालायला गेलं तरी तीच चर्चा. शेवटी मी थाप मारली, की शहरात गोठ्याच्या पंख्याचं प्रदर्शन आहे. (देवाला सगळं माहीत आहे, तू कुणाला सांगू नकोस.) थिएटरच्या दारात थाप उघडी पडली, पण तिकिटं काढून झाली होती आणि दादांना वाया घालवायची सवय नाही. आत थ्रीडीचे काळे चष्मे दिले, ते त्यांनी आपल्या चष्म्यावर चढवले आणि वरून टोपी दाबली.

आता सिनेमाचं. राग मानू नकोस. डोळ्यांनी बघितला तर सोळा आणे, डोक्यानं बघितला तर चार. काय ते किल्ले, काय तो समुद्र! काकू तर पाय ओले होतील म्हणून पाय वर घेऊन बसली (गुडघा तेव्हाही ठीक होता). पण गोष्ट काय? राजाचं राज्य जातं आणि राजाला राज्य मिळतं. एवढ्यासाठी तीन तास? आमच्या दूध संस्थेत एवढं एका मीटिंगात होतं, आणि वर चहा मिळतो. हिरो तर ज्या झाडाला टेकेल ते उपटतो. तासाभरानं मला वाटलं, दादा झोपले.

मग आल्या तुमच्या त्या हजार म्हशी. किल्ल्याच्या दारावर चालून जाणाऱ्या, धूळ उडवत. आणि सगळ्यांच्या पुढं जी होती, तिला बघून दादा ताडकन उभे राहिले. दिवाळी पाडव्याला म्हशी पळवताना पुढच्या मोटरसायकलवरून मागं वळून म्हशीला हाळी देतात ना, तश्शी हाळी दिली, "ये मोना, येऽऽ!" अख्खं थिएटर दचकलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बसा की पावणं, म्हशी दिसंनात!" दादा कसले बसतात! "गुंड्या, डावं शिंग बघ. शेपटाचा पांढरा गोंडा बघ. आपली मोना हाय ही!"

इंटरव्हलला दादांनी मॅनेजरला गाठलं. "आमच्या म्हशीला कुणाला इचारून पिक्चरमधी घेतलं?" पोरगं बिचारं गुणाचं. म्हणालं, "काका, ती खरी म्हैस न्हाय, कॉम्प्युटरवर केलेली हाय." "मग डाव्या शिंगाचा बाक कॉम्प्युटरला कुणी सांगितला?" मग मीच सांगितलं, "दादा, तुमच्या लेकीनं सांगितला." दादांच्या हातातला वडा तसाच राहिला. (तो नंतर मी खाल्ला.)

घरी येताना गाडीवर मागं बसून एवढंच म्हणाले, "पिक्चर भिकार हाय. म्हैस बरोबर हाय. पर पळताना मोना शेपूट एवढं वर घेत न्हवती. चुकलंय तिचं." तर हा निकाल. पास झालीस, शेपटाचे मार्क गेले. काकूचा आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा,
गुंडूकाका

ता.क. एक गोष्ट लपवली होती. मोना बरी आहे असं मी तुला फोनवर सांगत आलो, ते खोटं. बेंदराच्या सणाआधी ती गेली. वय झालं होतं. तुला कळवू नको अशी दादांची ताकीद होती. थिएटरात ते का उठले, ते आता तुझ्या ध्यानात येईल. माझ्याच्यानंही तेव्हा त्यांना बसा म्हणवलं नाही.

ता.क. २. खरं काम हे. दादा तो सिनेमा आजवर तीनदा बघून आले. म्हशी गेल्या की उठून येतात. शुक्रवारी सिनेमा उतरणार आहे. तेवढा तुकडा मोबाईलवर पाठवता येत असेल तर बघ. ते स्वतः जन्मात मागणार नाहीत. मी मागितल्याचंही त्यांना कळू देऊ नकोस. पत्र आत्ताच त्यांच्याकडं पोस्टात टाकायला देतोय, पाकीट घट्ट चिकटवलं आहे.

क्रांती, पाकीट मी फोडलं. गुंड्याला आयुष्यात काय चिकटवाय आलं न्हाय. तीन न्हाय, पाच येळा बघितला. शेपटाचं तुझंच बरोबर हाय. मी गाडीवर म्होरं असायचो, मला मागनं तिचं शेपूट कवा दिसलंच न्हाय. तू मागं धावत यायचीस, तुला दिसलं. मोना गेली त्या दिवशी तुला फोन लावला हुता. रिंग वाजायच्या आत बंद केला. माझा नंबर तोच हाय.
— आबा