मोटरहोम होल्डवर

१७ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या खरेदीत नोंद असलेली बरी. चाकणच्या कंपनीत आयुष्य क्वालिटीत काढलं, गाड्यांच्या दरवाजांची हँडलं तपासत. वस्तू हातात आली की तिची लायकी मला कळते. बायको, साधना म्हणते, मग आपल्या घरात मिक्सर सारखे का बदलावे लागतात. मिक्सर ही वेगळी लाइन आहे.

रहाटणीत सोपानराव म्हणून आहेत, त्यांच्याकडे फोर बाय फोर मोटरहोम विकायला आहे असं कळलं. लगेच गेलो. मूळ गावचे, जमिनीवाले. मुलगा कुलदीप, त्याची हौस. लष्कराच्या लिलावातला ट्रक घेऊन भोसरीत वर बॉडी बांधून घेतली. आत पलंग, ओटा, सिंक, संडास, टपावर सोलर. एकदा लडाखला नेली. मग त्याचं लग्न झालं, आणि बायको म्हणाली की ट्रकमध्येच राहायचं होतं तर ट्रकवाल्याचंच स्थळ बघितलं असतं.

गाडी घरामागे उभी. तीन बाजूंना बिल्डिंगा. पुढे मोकळी जागा, ती धाकटे भाऊ हिंदुराव यांच्या वाटणीची. तिच्यातूनच रस्त्याला वाट. म्हणजे चोरीचं भय नाही. चांगला मुद्दा, लिहून ठेवला.

सोपानराव अठरा लाख म्हणाले. मी नुसताच गाडीकडे बघत राहिलो. हे तंत्र आहे.

तोच दिवस, संध्याकाळ

साधनाला सांगितलं, या दिवाळीत हंपी, स्वतःच्या चाकावरच्या घरातून. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून हंपी ऐकतेय. एका वर्षी माझं ऑडिट आलं, एका वर्षी कंपनीचं शटडाउन, मग माझी कंबर. सगळी कारणं खरी होती. तिच्या मैत्रिणीच्या, कुसुमताईंच्या ग्रुपची बस भाऊबीजेनंतर हंपीला जाणार आहे. साधना दसऱ्यापर्यंत थांबेल. दसऱ्याला गाडी दारात नसेल तर बसला नाव देणार. हे ती भांडून बोलली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

व्हीआरएसचे पैसे आहेत. वेळ आहे. नजर आहे. काळजीचं कारण नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

तपासणी. स्क्रूड्रायव्हरने चासी ठोकून पाहिली. आवाज घट्ट. गाडीखाली सरपटत गेलो, परत येता येईना. सोपानरावांनी पाय धरून ओढून काढलं. गाडीची जमिनीपासूनची उंची कमी आहे असा शेरा मारला. सोपानराव माझ्या पोटाकडे बघत होते.

शेवटी आरशाला पिवळा टॅग बांधला. आमच्याकडे हिरवा म्हणजे ओके, लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळा म्हणजे होल्ड. होल्डवरच्या मालाला कोणी हात लावत नाही. मालवाला व्हेंडर लॉबीत बसतो, चहा मिळतो, उत्तर मिळत नाही. दोन-चार दिवसांत तो आपणहून रेट खाली आणतो. पर्चेसवाल्यांना हे मीच शिकवलं. सोपानरावांनी विचारलं, टॅग दृष्ट लागू नये म्हणून हाय का.

निघताना हिंदुरावांच्या जागेत विटांचा ट्रक खाली होत होता. सोपानराव म्हणाले, दोघा भावांचं वाटणीवरून वाजलंय, धाकटा भिंत घालतोय, काय घ्यायचं ते बिगीनं घ्या. मला हसू आलं. व्हेंडर लोक असंच करतात. कोणी सांगतो दुसरी पार्टी आलीय, कोणी सांगतो स्टील महागतंय. हा भिंत सांगतो.

२९ ऑगस्ट

गणपती. मुद्दाम फिरकलो नाही. सोपानरावांचाच फोन आला. सोळा लाख. तंत्र चालू झालं.

७ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष लागला. आता खरेदी नाही. पंधरवडाभर फुकटचा दबाव. कंपनीतसुद्धा इतकं सोयीचं कारण कधी मिळालं नव्हतं.

इंजिन ऐकायला गेलो, तर शेजारी पाया भरण्याचा दणदणाट. हिंदुरावांना सांगितलं, जरा थांबवा, मला टॅपेट ऐकायचेत. ते म्हणाले, आमच्या जागेत आमी काय बी करू. माणूस तापट, पण तोंडावर बोलणारा. मला आवडला.

पहिल्या थराची दोरी मात्र तिरकी होती. मला असलं बघवत नाही. घरी जाऊन माझी लेव्हल बाटली आणि ओळंबा घेऊन आलो. गवंड्याकडून थर काढून पुन्हा लावून घेतला. हिंदुराव म्हणाले, तुमच्यासारखा माणूस मिळायला नशीब लागतं. सोपानराव घरात निघून गेले. त्यांना बहुधा ऊन लागलं.

१४ सप्टेंबर, रविवार

विंच तपासला. विंच म्हणजे पुढच्या बंपरवरचा यांत्रिक दोर. गाडी चिखलात रुतली की झाडाला अडकवून स्वतःला बाहेर ओढायचं. इथे चिखल नाही. पण हिंदुरावांच्या भिंतीचे दगड आणि सळया पार रस्त्यावर पडल्या होत्या, मजूर दोनच. दोर लावला आणि सगळा माल थेट भिंतीच्या पायथ्याशी ओढून दिला. विंच पास.

गवंडी म्हणाला, साहेब, आठवड्याचं काम वाचलं. हिंदुरावांनी चहा आणि भजी दिली. सोपानराव डोक्याला हात लावून ओट्यावर बसले होते. मी न विचारता अकरा लाखांवर आले.

साधनाला भाव सांगितला. तिने विचारलं, एवढा का उतरतोय. मी म्हणालो, तुला यातलं कळायचं नाही. ती कणीक मळत होती, मळतच राहिली.

२१ सप्टेंबर, रविवार

भिंत कमरेला. फोर बाय फोर टाकून गाडी वीतभर पुढे घेतली, वीतभर मागे. जास्त घ्यायला जागा नाही. दोन्हीकडे ओके.

सोपानरावांनी आज हातच धरला. म्हणाले, यशवंतराव, गाडी आजच्या आज न्या, पैशाचं मागनं बघू, अजून चार विटा काढल्या तर निघंल. व्हेंडर या अवस्थेला आला की थोडं आणखी थांबायचं असतं. शिवाय आज सर्वपित्री. सांगितलं, दसऱ्याला मुहूर्तावर नेईन. ते म्हणाले, दसऱ्याला कशी नेताल. मी म्हणालो, हार घालून.

२८ सप्टेंबर, रविवार

भिंत डोक्याच्या वर. मध्ये माणसापुरतं लोखंडी दार ठेवलंय. बिजागरी उलटी लावली होती, मी बदलून घेतली.

राजगुरुनगरचा एक भंगारवाला आला होता. भिंतीवरून डोकावला, हसला, गेला. सोपानराव पाच लाखांवर. भंगारवाल्याला जे दिसत नाही ते मला दिसतं, हाच फरक.

अपेक्षाचा, म्हणजे मुलीचा, बंगळुरूहून फोन. बाबा, आईला बसचं नाव देऊ दे ना, म्हणाली. मी सांगितलं, आईला विचार, दसऱ्याला मोटरहोममध्ये कुठली साडी नेसणार आहे ते. तिने फोन आईकडे द्यायला सांगितला. पोरांना विश्वास नसतो.

१ ऑक्टोबर

गवंड्याला सणाआधी मजुरी हवी होती म्हणून त्याने आज भिंत पुरी केली. वर काचा लावल्या. सोपानराव तीन लाख म्हणाले. अठरावरून तीन. कंपनीत असतो तर एमडींनी हात मिळवला असता.

व्यवहार केला. स्टॅम्प पेपरवर मी स्वतः एक ओळ घालायला लावली: जशी आहे तशी आणि जिथे आहे तिथे. आता सोपानराव टायर बदलू शकत नाहीत. त्यांनी दोनदा विचारलं, ही ओळ नीट वाचलीत ना. मी म्हणालो, मीच सांगितलीय. त्यांनी सही केली आणि देवघरात जाऊन बसले.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी झेंडूचा मोठा हार, पेढे, आपट्याची पानं. साधना हिरवी पैठणी नेसली होती. अबोलीचा गजरा. किती दिवसांनी तिला असं पाहिलं.

लोखंडी दारातून एकेक करून आत गेलो. तिचा पदर कडीत अडकला, मी सोडवला. गाडीची पूजा केली. चाकाखाली लिंबू ठेवलं. दोघं पुढे बसलो. स्टार्ट केली, एका किल्लीत. गिअर टाकला.

साधनाने विचारलं, आपण बाहेर कुठून जायचं.

मी समोर पाहिलं. मागे पाहिलं. दोन्ही आरशांत पाहिलं. उजव्या आरशात पिवळा टॅग हलत होता. मग गाडी बंद केली. लिंबू आख्खंच राहिलं.

३ ऑक्टोबर

हिंदुरावांकडे गेलो. थोडी भिंत काढा, गाडी गेली की बांधून देतो, म्हणालो. ते म्हणाले, तुमीच ओळंब्यात उभी केली, आता तिला कोण हात लावंल. आणि सोपानची वस्तू माझ्या जागेतनं जाणार न्हाई. वस्तू आता माझी आहे, असं सांगितलं. मग तुमची बी न्हाई, म्हणाले. पुन्हा भजी दिली. खाल्ली.

सोपानरावांनी विटा आल्या त्या दिवशीच सांगितलं होतं, हे खरं आहे. पण लेखी दिलं नव्हतं.

साधनाने कुसुमताईंकडे नाव दिलं. माझंही देऊ का, असं विचारलं. मी म्हणालो, आठवडाभरात गाडी निघते. ती फोन हातात धरून थोडी थांबली होती. तेव्हा हो म्हणायला हवं होतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

चाकणहून क्रेनवाला आणला. गल्लीच्या तोंडाशीच थांबला. वर विजेच्या तारा, खाली गटाराची झाकणं. भिंतीवरून गाडी बघून त्याने विचारलं, साहेब, आधी गाडी ठेवली का आधी गाव वसलं. बघायचे पैसे घेऊन गेला.

गाडी नदी ओलांडते, डोंगर चढते. दोष गाडीत नाही, हे नोंदवतो.

२५ ऑक्टोबर, शनिवार

बस संध्याकाळची. त्याआधी साधना आपणहून म्हणाली, एकदा नीट बघू दे. तिला घेऊन गेलो. पलंगावर बसली. नळ सोडून पाहिला. ओटा चांगलाय, म्हणाली, आपल्या घरच्यापेक्षा. मग विचारलं, याची खरी किंमत काय. मी म्हणालो, अठरा लाख. ती म्हणाली, अहो, तुम्ही नुसतं त्या बसमध्ये माझ्या शेजारी बसला असतात तरी मला चाललं असतं.

डब्यातल्या करंज्या ओट्यावर ठेवून गेली. बसपर्यंत मी बॅग उचलून दिली. बस भरलेली होती. तिला खिडकी मिळाली.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळपासून मोटरहोममध्ये. प्रत्यक्ष राहून घेतलेली चाचणी. सिंक ओके. पंखा ओके. पलंग दोघांचा आहे, एकट्याला फार मोठा होतो. मला करमत नाही. हे शेरा म्हणून लिहीत नाही, तसंच लिहितोय.

मघाशी हॉर्न तपासला. हिंदुराव दारातून डोकावून म्हणाले, हॉर्न नका वाजवू, भिंतीचा गिलावा अजून ओला हाय.

पिवळा टॅग काढून हिरवा बांधला.

दुपारी साधनाचा फोटो आला. दगडी रथापुढे उभी, गॉगल कुसुमताईंचा असावा. खाली लिहिलं होतं, तुम्ही कुठवर पोचलात. चिडून लिहिलंय की गंमत म्हणून, ते कळेना. समोरच्या काचेतून भिंत दिसत होती. एकदम सरळ, कुठे केसभर फरक नाही.

भिंतीपर्यंत, असं लिहून पाठवलं. तिने वाचलं, तेवढं दिसलं.