ओट्यावरची विळी

मळमड्डी, धारवाड
सप्टेंबर २००४

ती. सौ. अक्काच्या चरणी धाकट्या सुमंतचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त तो कागदावरच मानून घ्यावा). भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यापासून ते गच्चीवरच मुक्काम ठोकून आहेत, हे वाचून बरं वाटलं. नात्यात हट्टी मी एकटाच नाही. इकडे सर्व क्षेम आहे. कारखाना सोडला तर.

तुला ठाऊकच आहे, बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये आम्ही पंपाचे सुटे भाग करत होतो. ज्या कंपनीसाठी करत होतो तिला बाहेरून स्वस्त माल मिळू लागला आणि शेडमध्ये लेथ मशीन, कारागीर नागोजी आणि मी एवढेच उरलो. नागोजी अळणावरहून सकाळच्या गाडीनं येतो, लेथ पुसतो, लेथकडे बघतो आणि संध्याकाळी परत जातो. अशात हुबळीला एक व्याख्यान झालं. बंगळूरहून आलेले गृहस्थ म्हणाले, यापुढे बाजारात टिकायचं ते माल स्वस्त करून नव्हे, डिझाइन चांगलं करून. आणि डिझाइन म्हणजे रंगरंगोटी नव्हे, तर वापरणाऱ्याच्या घरी जायचं, तो वस्तू कशी हाताळतो ते बघायचं आणि मग ती घडवायची. मी पहिल्या रांगेत बसून इतक्या जोरानं मान हलवत होतो की शेजारच्या माणसानं मला बाम देऊ केला.

परतीच्या बसमध्येच मला विळी सुचली. आपल्या बायका अजून जमिनीवर बसून चिरतात, गुडघे धरून बसतात. मग उभ्यानं चिरता येईल अशी, रबरी चकत्यांनी ओट्याला घट्ट चिकटणारी स्टीलची विळी का नको? (मी जन्मात एक कांदा चिरलेला नाही. त्यामुळे माझी दृष्टी अगदी ताजी होती.) नागोजीनं नमुने केले, मी ते मळमड्डीत घरोघर वाटले आणि काही दिवसांनी, व्याख्यानात सांगितल्याबरहुकूम, वापर बघायला निघालो.

अक्का, त्या बंगळूरच्या गृहस्थांना आपल्या गावाची एक गोष्ट माहीत नव्हती. इथं कुणाचं स्वयंपाकघर चालू असलेलं बघता येत नाही, कारण आपण गेलो की ते थांबतं. 'बसा की हो, उभे का?' म्हणत मला पुढच्या खोलीत खुर्ची मिळायची, गृहिणी ओले हात पुसत बाहेर यायची, मागोमाग उप्पीट यायचं आणि उप्पीटावर चहा. आणि विळी? 'भारी छान आहे हो!' कन्नड घरांत 'भाळ छलो ऐत्रि!' सगळ्यांना मी अप्पा मास्तरांचा मुलगा. निम्मी गल्ली अप्पांच्या हातची छडी खाल्लेली, पण माझ्या विळीत खोट काढायला कुणी धजेना. मी प्रत्येक घरी उप्पीट खाल्लं आणि प्रत्येक घर समाधानी म्हणून धरलं. माझ्या संशोधनातून काही खरोखर वाढलं असेल तर ते माझं पोट. एवढा भरघोस पाठिंबा बघून मग शेडभर विळ्या करून टाकल्या.

सुभाष रोडवरच्या भांडीवाल्या वेंकटेशनं त्या आपल्या दुकानात अगदी दर्शनी मांडल्या. लोक येतात, माझी विळी हातात घेतात, वा वा करतात आणि शेजारची गुजरातेतून आलेली साधी विळी घेऊन जातात. वेंकटेश सज्जन माणूस आहे. 'दिवाळीपर्यंत ठेवतो, सुमंतअण्णा,' म्हणाला. त्यानंतर काय, ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

परवा मात्र कुसुममावशींकडे (मागच्या गल्लीतल्या, तुझी वेणी घालायच्या त्या) न सांगता गेलो, आणि तेही मागच्या दारानं, कारण पुढच्या दारात अनोळखी कुत्रं बसलं होतं. मावशी जमिनीवर ऐसपैस बसून, जुन्या विळीचा पाट गुडघ्याखाली दाबून भराभरा मेथी चिरत होत्या. माझी विळी खोक्यात होती आणि खोकं फडताळावर. मला बघताच त्या लगबगीनं उठल्या, माझी विळी काढली, पदरानं पुसली, ओट्याला चिकटवली आणि म्हणाल्या, 'ये की! आत्ता हिच्यावरच चिरत होते.' मेथीची पानं अजून जुन्या पात्याला चिकटलेली. मी म्हटलं, 'मावशी, खरं सांगा.' तर म्हणाल्या, 'एवढ्या हौसेनं दिलास की रे, वाईट कसं म्हणायचं? बैस, उप्पीट करते.' मी बसलो. (उप्पीट उत्तम झालं होतं. हे मात्र खरं सांगतो आहे.)

घरी येईपर्यंत हसत होतो. मग हसू संपलं. दिवाळीनंतर शेडला कुलूप लावायचं आणि नागोजीला उद्यापासून येऊ नकोस म्हणायचं, या विचारानं जेवण जात नाही. आणि माझं नेमकं काय चुकलं ते सांगायला अख्ख्या गावात कुणी तयार नाही. माणसं चांगली असल्याचा एवढा जाच मला कधी झाला नव्हता. असो. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुमंत

ता. क. तुला पाठवलेल्या विळीबद्दल 'फारच सुरेख' असं तू लिहिलं होतंस. ते पत्र मी शेडमध्ये लेथच्या वर चिकटवलं होतं, आज काढलं. माझा पतंग, माझं अक्षर, लग्नातला माझा फेटा, यातल्या कशालाही तू कधी चांगलं म्हटलेलं नाहीस, मग विळीनंच काय पुण्य केलं होतं? तेव्हा दसऱ्याला ये. चार दिवस त्या विळीवर चीर आणि मला तोंडावर शिव्या घाल. तू बोलशील तसं नागोजी बदलत जाईल. उप्पीट मिळणार नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी आमच्या हिनं, उत्तरानं, पत्र वाचलं. म्हणाली, 'वन्संना सांगलीहून बोलावताय. मला कधी विचारलंत?' खरंच की, घरातलीच म्हणून तिला विचारायचं राहूनच गेलं होतं. तसाच उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि विचारलं. तिनं क्षणभर माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मला खुर्ची दिली, चहा टाकला आणि म्हणाली, 'छान आहे हो.'

अक्का, दसऱ्याची वाट बघू नकोस. पत्र मिळताच निघ.