तिसऱ्या हाकेपर्यंत

६ जानेवारी २००८, रविवार
नवा फ्लॅट, नवी नोकरी आणि आज माझा स्वतःचा सबवूफर, बासचा म्हणजे खर्जाचा स्पीकर! बारा इंची. खोका इतका जड की रिक्षावाल्याने त्याचं वेगळं सीट धरलं. नारायण पेठेत बापूरावांच्या दुकानातून सेकंडहँड घेतला. आधी वाजवून दाखवाल का विचारलं, तर म्हणाले, ऐकायला सभागृहं आहेत, इथे विक्री होते. आधीचा मालक कोण विचारलं, तर चष्म्यावरून बघत, "तुम्हाला वस्तू हवीय का मालक?"

वाघोलीतली ही बिल्डिंग एकदम नवी आहे. सात मजले, पण दिवे चारच घरांत. वॉचमन बजरंग म्हणाला, फ्लॅट समदे विकले गेलेत, पर ऱ्हातंय कोन, समदी गुंतवणूक हाय. माझ्या मजल्यावर मी एकटाच. म्हणजे फुल व्हॉल्यूम, कंप्लेंट झीरो. आईला अमरावतीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बोलणारं माणूस आणायचं सोडून गाणारा डबा आणलास.

७ जानेवारी, सोमवार
नाइट शिफ्ट असल्यामुळे दुपार माझीच असते. सब कुठे ठेवायचा, याची एक ट्रिक नेटवर वाचली होती. आपण बसतो त्या खुर्चीवर सब ठेवायचा, पखवाज असलेलं काहीतरी लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे बास भरलेला आणि स्वच्छ ऐकू येईल ती सबची जागा. मग अदलाबदल करायची, म्हणजे सब तिथे आणि आपण खुर्चीवर. लॉजिक सिंपल आहे. जागा बदलल्या तरी दोघांना एकमेकांचं तसंच ऐकू येतं.

बाल्कनीच्या दाराजवळचा कोपरा बेस्ट निघाला. खडूने फुली मारली. पंचवीस वर्षांचा घोडा घरात रांगतोय म्हणून मी जोरात हसलो. बघायला कुणी नव्हतं. मग हसू आपोआप थांबलं.

१० जानेवारी, गुरुवार
गंमत आहे. सबचा प्लग काढलेला, वायर काढलेली, तरी त्याचा कोन, म्हणजे तो पुढचा गोल पडदा, हलतोय. हळू पुढे, हळू मागे. झोपलेल्याची छाती हलते तसा.

घाबरण्यासारखं काही नाही. स्पीकर उलटा जोडला की तो माइक होतो. खोलीतली हवा ढकलली गेली तरी कोन हलणार. वारा असेल. दारं-खिडक्या बंद आहेत, पण फटी असतातच ना. सब लॅपटॉपला जोडून रेकॉर्डिंग चालू ठेवलंय. निघतो, कॅब आली.

११ जानेवारी, शुक्रवार
आठ तासांचं रेकॉर्डिंग, आवाज काहीच नाही. सहज म्हणून सातशे पट फास्ट केलं. चाळीस सेकंदांत संपलं.

मध्ये कुणीतरी हाक मारतंय. सुदर्शन. एकदाच.

पुरुषाचा आवाज. ओळखीचा नाही. पण जेवायला बोलवावं तशी हाक. ऑफिसात मी सिड आहे, बजरंगसाठी साहेब. इथे आल्यापासून पूर्ण नावाने कुणी हाक मारलेली नाही. मी ती पुन्हा पुन्हा ऐकत बसलो.

लहानपणी आई सांगायची, माणूस दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. तिसरीपर्यंत थांबायचं. माणूस तिसऱ्यांदा मारतो, दुसरं काही असेल तर त्याला दोनदाच मारता येते. आणि त्याला ओ दिली की आपली जागा त्याची.

१२ जानेवारी, शनिवार
दुसरी हाक आली.

उद्यापर्यंत थांबायला हवं. सुट्टी आहे. सकाळपासून कुणाशी एक शब्द बोललो नाही. आईचा फोन लागला नाही. खाली गेलो तर बजरंगही जागेवर नव्हता. वर आलो. कोन हलत होता.

माझी ओ रेकॉर्ड केली, सातशे पट स्लो केली, सबवर लावली. कानाला काहीच नाही. फक्त खिडकीची काच थरथरत राहिली, आणि टेबलावरचा कप.

१३ जानेवारी, रविवार
तिसरी आली नाही.
कोन थांबलाय.

१६ जानेवारी
मला वाटलं आज सोमवार. लॅपटॉप सोळा तारीख दाखवतोय. आत्ता केलेल्या चहावर बुरशी —
आईचा फोन उचलला. चिमणीसारखी भराभर बोलत होती. मी हॅलो म्हणायच्या आत कट झाला.

१९ जानेवारी
मी कोपऱ्यात आहे. फुलीवर. इथे कधी आलो आठवत नाही.
खुर्चीवर कुणीतरी पाठमोरं बसलंय. माझा निळा शर्ट. आईशी फोनवर बोलतोय. हो, जेवलो, म्हणतोय. हसतोय —
माझ्यासारखंच.

२३
आई आली. त्याच्या केसांतून हात फिरवला. पिठलं केलं. मी इथे —
हाक मारली. आई. एवढ्याला अख्खी दुपार गेली.
केर काढता काढता ती थांबली. छातीवर हात ठेवला. कुणी हाक मारली का रे, विचारलं त्याला. तो नाही म्हणाला.

२४
दुसरी मारली.
तिला कळलं. झाडू ठेवला. माझ्यासमोर जमिनीवर बसली. खोक्यावर तळवा ठेवून. ओ देत नाही. थांबलीय. तिसरीसाठी.
उद्याची गाडी आहे तिची.

२५
तळवा अजून तिथेच. ऊब लागतेय. तो बॅग घेऊन दारात उभा. चल म्हणतोय —
थांब ग. मारतो. माणूस आहे मी, मारता येते मला, तिसरी —

आ